कॅन्ससमधलं ३४३ मतांचं तिकीट: कट्टर मतदार गव्हर्नरची निवडणूक कशी वळवतो

७ ऑगस्ट २०१८. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात रिपब्लिकन पक्षाचं गव्हर्नरपदाचं तिकीट कोणाला द्यायचं, यासाठी मतदान झालं. सुमारे ३ लाख १७ हजार लोकांनी मत दिलं. क्रिस कोबाक यांना १,२८,८३२ मतं पडली आणि खुर्चीवर असलेले गव्हर्नर जेफ कॉल्यर यांना १,२८,४८९. फरक ३४३. तीन महिन्यांनी, नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत, याच कोबाकांना डेमोक्रॅट पक्षाच्या लॉरा केली यांनी सुमारे ५३ हजार मतांनी पाडलं. आणि हे घडलं कुठे? १९३२नंतर ज्या राज्याने एकही डेमोक्रॅट सिनेटर निवडून वॉशिंग्टनला पाठवलेला नाही, तिथे.

विचारसरणीला बांधलेला मतदार या निवडणुकीत नक्की काय करतो, ते या दोन निकालांमध्ये दडलेलं आहे. ऑगस्टमध्ये त्याने आपल्या मनासारखा उमेदवार दिला, आणि नोव्हेंबरमध्ये तो उमेदवार समोरच्या पक्षाला पावला. पण एवढ्यावरून ‘कट्टर उमेदवार दिला की पक्ष पडतो’ असा नियम काढायची घाई नको. त्याच कॅन्ससने २०१४ मध्ये तो नियम खोटा पाडला होता. त्याकडे पुढे येऊच.

आधी एक खुलासा. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो काम करतो मुख्यमंत्र्याचं, पण निवडून येतो थेट जनतेतून. विधानसभेत बहुमत दुसऱ्या पक्षाचं असलं तरी तो जागेवर राहतो, बहुतेक राज्यांत चार वर्षं. विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक तो नाकारू शकतो, त्याला व्हेटो म्हणतात. दुसरा फरक तिकिटाचा. आपल्याकडे तिकीट श्रेष्ठी देतात, इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात आणि नाराज बंडखोरी करतात. तिथे तिकीट मतदार देतो. त्या पक्षांतर्गत मतदानाला प्रायमरी म्हणतात. विचारनिष्ठ मतदाराची सगळी ताकद या एका व्यवस्थेतून येते.

कोण हा मतदार?

तो ‘पक्का रिपब्लिकन’ किंवा ‘पक्का डेमोक्रॅट’ असतो, एवढं म्हणून भागत नाही. पक्षाचा पक्का मतदार पक्षाने उभा केलेला दगडही निवडून देतो. विचारनिष्ठ मतदाराला दगड चालत नाही. गर्भपात, बंदुका, कर, स्थलांतरित यांपैकी एकदोन प्रश्नांवर त्याची भूमिका ठाम असते, आणि त्या प्रश्नांवर पक्षाचा माणूस डगमगला तर त्याला घरी बसवायलाही तो मागेपुढे पाहत नाही. डेमोक्रॅटांच्या बाजूलाही असाच मतदार आहे, फक्त त्याचे प्रश्न वेगळे.

एकूण मतदारांत तो अल्पसंख्य असतो. पण तो दर वेळी मतदानाला येतो. इतर मतदार नोव्हेंबरमध्ये येतात आणि ऑगस्टच्या उन्हात फिरकत नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅन्ससमध्ये दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत मिळून साधारण पावणेपाच लाख मतं पडली, नोव्हेंबरमध्ये साडेदहा लाख. म्हणजे कोबाकांना तिकीट मिळवून देणारे लोक नोव्हेंबरच्या मतदारांच्या जेमतेम १२ टक्के भरतात. बाकी ८८ टक्क्यांना जी मतपत्रिका मिळाली, तिच्यावरचं रिपब्लिकन नाव आधीच ठरलेलं होतं.

कॅन्ससमध्ये हा मतदार संघटित कसा झाला, याचा एक टप्पा १९९१च्या उन्हाळ्यातला आहे. ‘ऑपरेशन रेस्क्यू’ या गर्भपातविरोधी संघटनेने विचिटा शहरातल्या दवाखान्यांसमोर सुमारे सहा आठवडे धरणं धरलं. अटकेचा आकडा २६००च्या वर गेला. आंदोलन संपल्यावर त्यातली स्थानिक माणसं घरी बसली नाहीत, पक्षात शिरली. शिरण्याची जागाही अगदी साधी होती. कॅन्ससमध्ये प्रत्येक मतदान-विभागातून पक्षसमितीवर एक पुरुष आणि एक स्त्री निवडली जाते. आपल्या बूथप्रमुखासारखं हे पद, फक्त नेमणुकीऐवजी निवडणुकीने मिळणारं. बहुतेक ठिकाणी कोणी उभंच राहत नाही, त्यामुळे शेजारपाजारच्या मूठभर मतांवरही माणूस निवडून येतो. पगार नाही, मान नाही, म्हणून जुन्या मवाळ रिपब्लिकनांनी ही पदं रिकामी सोडली होती. पण या समित्यांमधूनच पक्षाचे काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पदाधिकारी निवडले जातात, आणि आमदार मध्येच गेला तर त्याच्या जागी कोण बसणार हेही याच समित्यांची माणसं ठरवतात. १९९२ पासून ही पदं एकेक करून भरली गेली. तेव्हापासून कॅन्ससला जाणकार तीन पक्षांचं राज्य म्हणतात: कट्टर रिपब्लिकन, मवाळ रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट. मतदारयादीत मात्र पहिले दोन एकाच नावाखाली मोडतात.

सुरुवातीला या गटाची झेप बेताची होती. १९९८ मध्ये राज्य पक्षाचे अध्यक्षपद भूषवलेले डेव्हिड मिलर यांनी मवाळ गव्हर्नर बिल ग्रेव्ह्ज यांना प्रायमरीत आव्हान दिलं. ग्रेव्ह्ज यांनी जवळपास तीन-चतुर्थांश मतं घेऊन ते मोडीत काढलं. लोकप्रिय माणूस खुर्चीवर असला, राज्याची तिजोरी भरलेली असली की कट्टर मतदाराला प्रायमरीतही फारसं काही करता येत नाही. त्याला मोकळी जागा लागते, किंवा कमकुवत झालेला माणूस.

दार किती रुंद, यावर खेळ

प्रायमरीत मत कोण देऊ शकतो, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. काही राज्यांत कोणीही कोणत्याही पक्षाच्या प्रायमरीत मत देतो. कॅन्ससमध्ये दार अर्धवट लोटलेलं आहे. रिपब्लिकन प्रायमरीत मत द्यायला मतदारयादीत तुमच्या नावापुढे ‘रिपब्लिकन’ असावं लागतं. ज्याने कोणताच पक्ष लावलेला नाही, असा सुमारे तीस टक्के मतदार, मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष लावून आत येऊ शकतो. पण डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्याला ऐनवेळी पक्ष बदलता येत नाही. २०१४ पासूनचा कायदा सांगतो की उमेदवारी अर्जाची मुदत संपली, म्हणजे १ जूनची दुपार उलटली, की प्रायमरीचा निकाल अधिकृत होईपर्यंत पक्षबदल बंद.

या तारखेचा अर्थ नीट पाहा. १ जूनच्या दुपारपर्यंत कोण कोण उभं आहे हेच पक्कं झालेलं नसतं. विरोधी पक्षाच्या कट्टर उमेदवाराची धास्ती घेऊन त्याला प्रायमरीतच अडवावं, असं डेमोक्रॅटांना वाटेपर्यंत जुलै उजाडतो, आणि तोवर दार बंद झालेलं असतं. हा कायदा कट्टर गटाला सोयीचा आहे यात शंका नाही. अर्थात दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी आपला उमेदवार का ठरवावा, हा त्यांचा प्रश्नही अगदीच चुकीचा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे निम्म्याहून जास्त मतांची अट नाही आणि दुसरी फेरी नाही. ज्याला सर्वांत जास्त, तो जिंकला. २०१८च्या रिपब्लिकन मतपत्रिकेवर सात नावं होती. कोबाक ४०.६ टक्के, कॉल्यर ४०.५. तिसऱ्या क्रमांकावर डॉ. जिम बार्नेट, मवाळ गटाचे, साधारण पावणेनऊ टक्के. चौथे विमा आयुक्त केन सेल्झर, साधारण पावणेआठ. बार्नेट यांच्या जवळपास २८ हजार मतदारांपैकी शंभरात दोघांनी जरी ‘आपला येत नाही, निदान कोबाक तरी नको’ असं म्हणून कॉल्यर यांना मत दिलं असतं, तरी निकाल उलटला असता. दिलं नाही. मनापासून मत देण्याचा हट्ट केवळ कट्टरांचाच असतो असं नाही. मवाळांचाही असतो, फक्त त्यांना तो महागात पडतो.

आता यातली गंमत अशी की कॉल्यरही चांगलेच कट्टर होते. व्यवसायाने शल्यचिकित्सक, गर्भपाताचे विरोधक, आधीचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांच्या करकपातवाल्या सरकारात सात वर्षं उपगव्हर्नर. बंदूकवाल्यांची संघटना एनआरए त्यांच्या पाठीशी होती, राज्यातली मोठी गर्भपातविरोधी संघटनाही. कागदावरची भूमिका जुळवून पाहिली तर दोघांत फरक शोधावा लागतो. मग कट्टर मतदार फुटला कशावर? आवेशावर. कोबाक राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांचे प्रमुख अधिकारी होते. मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा कागदी पुरावा मागणारा कायदा त्यांनी आणला होता. जून २०१८ मध्ये, प्रायमरी सात आठवड्यांवर असताना, केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला, आणि खटल्यातल्या वर्तनाबद्दल कोबाकांना, ते स्वतः वकील असताना, सहा तासांचं जादा कायदेशिक्षण घ्यायला लावलं. दुसऱ्या एखाद्या उमेदवाराने हे लपवलं असतं. त्याच महिन्यात शॉनी गावच्या मिरवणुकीत कोबाक अमेरिकी झेंड्याच्या रंगांत रंगवलेल्या जीपमध्ये उभे होते आणि जीपवर मशीनगनची प्रतिकृती बसवलेली होती. गावाच्या प्रशासनाने लोकांची माफी मागितली, कोबाकांनी माघार घेतली नाही. ज्या मतदाराला ‘आपला माणूस दबावाखाली वाकतो का’ एवढंच पाहायचं असतं, त्याला उत्तर मिळालं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी, ६ ऑगस्टला, ट्रम्प यांनी ट्वीट करून कोबाकांना पाठिंबा दिला. टपालाने येणारी बरीचशी मतं तोवर पडून गेली होती. त्या ट्वीटने उरलेल्यांपैकी किती मतं हलली हे मोजता येत नाही. पण हलायला हवी होती ती किती? पावणेदोनशे. तेवढी एकाकडून सुटून दुसऱ्याकडे गेली की ३४३चा फरक होतो.

मतमोजणीचा किस्साही सांगण्याजोगा आहे, कारण अशा घासून लागलेल्या निकालात यंत्रणेची बारीक चूकही राजकारण होते. मतदानाच्या रात्रीनंतर कोबाक १९१ मतांनी पुढे दिसत होते. मग लक्षात आलं की टॉमस काउंटीतून कॉल्यर यांची ५२२ मतं कळवलेली असताना राज्याच्या संकेतस्थळावर ४२२ चढली आहेत. फरक झटक्यात ९१ वर आला. राज्याचं ते कार्यालय कोबाकांचंच. ओरड झाल्यावर त्यांनी मोजणीच्या कामातून अंग काढून घेतलं. काउंट्यांनी पात्रता तपासण्यासाठी बाजूला ठेवलेल्या आणि टपालाच्या मतांची छाननी केली, फरक पुन्हा वाढत गेला, आणि १४ ऑगस्टला कॉल्यर यांनी हार मान्य केली.

नोव्हेंबरमध्ये मवाळ रिपब्लिकन कुठे गेला

प्रायमरी हरलेला मतदार तीन गोष्टी करू शकतो: नाक मुठीत धरून पक्षालाच मत देणं, घरी बसणं, किंवा समोरच्या पक्षाला मत देणं. यांचं वजन सारखं नसतं आणि बातम्यांमध्ये इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. घरी बसलेला मतदार पक्षाचं एक मत कमी करतो. समोर गेलेला पक्षाचं एक कमी करतो आणि विरोधकाचं एक वाढवतो, म्हणजे फरक दोनाने हलतो. म्हणून गव्हर्नरपदाच्या शर्यतीत काठावरच्या एका रिपब्लिकनला वळवणं, हे घरी बसलेल्या एका डेमोक्रॅटला बाहेर काढण्यापेक्षा दुप्पट मोलाचं असतं. कॅन्सससारख्या राज्यात, जिथे नोंदणीकृत रिपब्लिकन सुमारे ४४ टक्के आणि डेमोक्रॅट सुमारे २५ टक्के, तिथे तर त्याशिवाय गणितच जमत नाही.

त्या मवाळ रिपब्लिकनला बाहेर पडायला कारणही होतं. २०१२ मध्ये गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी प्राप्तिकराचा वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आणला आणि छोट्या-मध्यम धंद्यांच्या मालकांना मिळणारं बरंचसं उत्पन्न करमुक्त केलं. वाढीचा धमाका होईल असा वायदा होता. तो झाला नाही आणि महसूल कोसळला. २०१५ मध्ये सरकारी शाळा चालवणाऱ्या काही स्थानिक मंडळांनी पैशाअभावी शैक्षणिक वर्ष लवकर आटोपलं, आणि त्याच वर्षी राज्याचा विक्रीकर वाढवून ६.५ टक्के केला गेला, किराण्यासकट. श्रीमंताचा कर कमी आणि पिठामिठाचा जास्त, हे कॅन्सस सिटीच्या उपनगरांतल्या, जॉन्सन काउंटीतल्या सुशिक्षित रिपब्लिकनांना डोळ्यांसमोर दिसत होतं. ही काउंटी राज्यातली सर्वांत मोठी, आणि तिथल्या लोकांनी घरं घेतली होती ती चांगल्या सरकारी शाळा पाहून.

तरीही २०१४ मध्ये ब्राउनबॅक पुन्हा निवडून आले. शंभराहून जास्त आजी-माजी रिपब्लिकन पदाधिकाऱ्यांनी जाहीरपणे डेमोक्रॅट पॉल डेव्हिस यांना पाठिंबा दिला होता, तरी ब्राउनबॅक सुमारे ३२ हजार मतांनी तरले. देशभर रिपब्लिकनांची लाट होती, ग्रामीण काउंट्या हलल्या नाहीत, आणि करकपातीचा हिशेब अजून पुरता घरापर्यंत पोहोचला नव्हता. म्हणून वर म्हटलं, नियम काढायची घाई नको. कट्टर उमेदवार पडायला त्या वर्षीचं वारं, आधीच्या कारभाराचा राग आणि मवाळांना जवळचा वाटेल असा विरोधक, या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. २०१८ मध्ये त्या आल्या. मध्यंतरी, जून २०१७ मध्ये, विधिमंडळाने गव्हर्नरचा व्हेटो दोन-तृतीयांश मतांनी ओलांडून ती करकपात मोडीत काढलीही होती. ती मोडणाऱ्यांत रिपब्लिकन आमदार होते, आणि त्यातले कितीतरी २०१६च्या प्रायमरीत कट्टरांना हरवून आलेले होते. दार तेच, फक्त त्या वर्षी रांगेत मवाळ उभे राहिले.

लॉरा केली यांनी स्वतःला मवाळांच्या अंगाला बसेल असं कापून घेतलं. राजधानी टोपीकामधून राज्याच्या सिनेटवर, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहावर, निवडून आलेल्या, बोलायला शांत, प्रचारात शाळा आणि तिजोरी सोडून फारसं काही नाही. जोडीला उपगव्हर्नरपदाचे उमेदवार लिन रॉजर्स घेतले, ते आधी रिपब्लिकन होते. माजी गव्हर्नर ग्रेव्ह्ज आणि माजी सिनेटर नॅन्सी कासेबॉम, दोघंही जुने रिपब्लिकन, केली यांच्यासाठी पुढे आले. निकालात १०५ काउंट्यांपैकी बहुतेक कोबाकांकडेच राहिल्या. पण जॉन्सन, सेजविक, शॉनी, डग्लस, वायनडॉट या मोठ्या काउंट्या केलींकडे गेल्या, आणि मतं मोजली जातात माणसांची, जमिनीची नाही.

मतं खाणारा तिसरा

केली यांना ४८ टक्के मिळाले, कोबाकांना ४३. उरलेल्यांतले साडेसहा टक्के, म्हणजे सुमारे ६८ हजार, अपक्ष ग्रेग ऑर्मन यांचे. ऑर्मन हे मध्यममार्गी उद्योजक. डेमोक्रॅटांना एकच भीती होती की कोबाकविरोधी मतं फुटतील. तसं झालं नाही, कारण कडेलोटाची भीती दिसू लागली की मध्यममार्गी मतदार हिशेबी होतो. मतदानाला आठवडा उरला असताना ऑर्मन यांच्याच प्रचाराचे खजिनदार टिम ओवेन्स यांनी राजीनामा देऊन केली यांना पाठिंबा दिला. हे ओवेन्स म्हणजे २०१२च्या प्रायमरीत कट्टर गटाने घरी बसवलेले राज्याच्या सिनेटमधले रिपब्लिकन. सहा वर्षांनी हिशेब चुकता झाला.

कट्टर बाजूचा तिसरा उमेदवार मात्र वेगळ्या जातीचा. २०२२ मध्ये रिपब्लिकनांनी धडा घेऊन डेरेक श्मिट हा रूढ वळणाचा महाधिवक्ता उभा केला. लगेच राज्याच्या सिनेटमधले पक्षाचे सदस्य डेनिस पाइल यांनी पक्ष सोडला आणि श्मिट पुरेसे कट्टर नाहीत म्हणून अपक्ष अर्ज भरला. त्यांना पडली सुमारे २० हजार ४०० मतं. केली जिंकल्या सुमारे २२ हजार २०० मतांनी. ‘पाइलने पाडलं’ हे वाक्य तुम्हाला सगळीकडे भेटेल. आकडे ते सिद्ध करत नाहीत. पाइल यांचं एकूण एक मत श्मिट यांना गेलं असतं, तरी केली दीड-दोन हजारांनी पुढेच राहिल्या असत्या, आणि एकूण एक मत कधीच जात नाही. त्यातले काही घरीच बसले असते. पाइल यांनी खरं नुकसान केलं ते मतपेटीबाहेर. उजव्या बाजूला कोणीतरी सतत हाका मारत उभं होतं, म्हणून श्मिट यांना शेवटपर्यंत मधल्या मतदाराकडे निर्धास्त वळता आलं नाही. केली त्या वेळी एका जाहिरातीत चक्क रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून ‘मी मधल्या वाटेची’ म्हणत होत्या, आणि किराण्यावरचा राज्याचा विक्रीकर टप्प्याटप्प्याने शून्यावर आणणारा कायदा त्यांच्या सहीने झाला होता.

तिकीट देण्याची पद्धत बदलली तर?

अनेकांना वाटतं, निम्म्याहून जास्त मतांची अट घाला, दुसरी फेरी घ्या, की मवाळ जिंकेल. जॉर्जियात ही अट आहे. २०१८ मध्ये तिथे पहिल्या फेरीत उपगव्हर्नर केसी केगल ३९ टक्क्यांवर, ब्रायन केम्प साडेपंचवीसवर. दुसऱ्या फेरीत ट्रम्प यांचा पाठिंबा मिळालेले, स्थलांतरितांवर जास्त आक्रमक बोलणारे केम्प ६९ टक्के घेऊन गेले. जुलैच्या दुसऱ्या फेरीला येतो कोण? पुन्हा तोच, कधी न चुकणारा मतदार.

व्हर्जिनियात तर तेव्हा पक्षच ठरवायचा की प्रायमरी घ्यायची की पक्षप्रतिनिधींचं अधिवेशन. २०१३ साठी रिपब्लिकन समितीने प्रायमरी रद्द करून अधिवेशन ठेवलं. मवाळ उपगव्हर्नर बिल बोलिंग यांनी वारं ओळखून माघार घेतली आणि रिचमंडमध्ये जमलेल्या सुमारे ८ हजार प्रतिनिधींनी केन कुचिनेली यांना उभं केलं. ते अडीच टक्क्यांनी पडले. २०२१ मध्ये त्याच पक्षाने पुन्हा अधिवेशन घेतलं, पण राज्यभर विखुरलेल्या केंद्रांवर, आणि पसंतीक्रमाच्या मतदानाने: पहिली पसंती बाद झाली की मत दुसऱ्या पसंतीला. सुमारे ३० हजार लोक आले, तेही कट्टरच. पण सर्वांत भडक उमेदवार अमांडा चेस शेवटच्या फेरीआधीच बाद झाल्या, कारण त्या ज्यांना आवडत होत्या त्यांना खूपच आवडत होत्या, आणि बाकीच्यांची दुसरी-तिसरी पसंतीही त्या नव्हत्या. ग्लेन यंगकिन सहाव्या फेरीत जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर झाले. मतदार तसेच असले तरी मोजणी बदलली की निकाल बदलू शकतो.

आणि हे सगळं विरोधी पक्षालाही कळतं. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात डेमोक्रॅट जॉश शापिरो यांनी रिपब्लिकन प्रायमरी चालू असतानाच जाहिरात लावली की डग मॅस्ट्रियानो हे ट्रम्प यांच्या विचारांचे खरे पाईक आहेत. वरवर टीका, आतून शिफारस. नऊ जणांच्या मतपत्रिकेत मॅस्ट्रियानो सुमारे ४४ टक्क्यांवर जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये शापिरो यांनी त्यांना जवळपास १५ टक्क्यांनी हरवलं. हा जुगार आहे. वारं फिरलं असतं तर ज्याला आपण मुद्दाम पुढे आणला, तोच गव्हर्नर झाला असता.

डाव्या बाजूचं उदाहरण मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे. कॅन्ससची प्रायमरी झाली त्याच दिवशी मिशिगनमध्ये डेमोक्रॅट प्रायमरी होती आणि त्यात बेळगावचे श्री ठाणेदार गव्हर्नरपदासाठी उभे होते. सर्वांना सरकारी आरोग्यविमा ही डाव्या मतदाराची आवडती मागणी त्यांनी धरली होती, आणि खिशातले एक कोटी डॉलरहून जास्त घातले होते. पण तो मतदार मोठ्या प्रमाणावर गेला बर्नी सँडर्स यांनी पाठिंबा दिलेल्या अब्दुल एल-सय्यद यांच्याकडे. एल-सय्यद ३० टक्के, ठाणेदार साधारण पावणेअठरा, आणि पक्षाच्या मुख्य प्रवाहातल्या ग्रेचन व्हिटमर ५२ टक्के घेऊन मोकळ्या झाल्या. विचारनिष्ठ मतदार जाहीरनामा वाचतो खरा, पण सही करण्याआधी विचारतो की याच्याबद्दल हमी कोण देतोय. टीव्हीवरच्या जाहिरातींनी ती हमी मिळत नाही. ठाणेदार पुढे २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातून अमेरिकी संसदेवर निवडून गेले.

खुर्ची गेली तरी विधिमंडळ

कोबाक पडले म्हणून कॅन्ससचा कट्टर मतदार हरला, असं समजणं ही शेवटची आणि मोठी चूक. व्हेटो ओलांडायला तिथे कनिष्ठ सभागृहात १२५ पैकी ८४ आणि सिनेटमध्ये ४० पैकी २७ मतं लागतात. तेवढे आमदार प्रायमरीतून निवडून आणले की गव्हर्नर कोणाचाही असो. घटनादुरुस्तीलाही तेवढीच मतं लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेणारी घटनादुरुस्ती कनिष्ठ सभागृहात ८४ला ४ मतं कमी पडून अडली. त्याच ऑगस्टच्या प्रायमरीत अनेक मवाळ रिपब्लिकनांना घरी पाठवलं गेलं. जानेवारी २०२१ मध्ये तीच दुरुस्ती ८६ मतांनी मंजूर झाली. केली यांची सही लागतच नव्हती, घटनादुरुस्ती थेट जनमताला जाते.

जनमताची तारीख विधिमंडळाने ठेवली २ ऑगस्ट २०२२, प्रायमरीचाच दिवस. कमी गर्दीचा महिना मुद्दाम निवडला, असा आरोप तेव्हा झाला. पण हा प्रश्न उमेदवारांचा नव्हता, त्यामुळे पक्ष लावण्याची अट नव्हती आणि दार सताड उघडं होतं. ९ लाखांहून जास्त लोक आले, चार वर्षांपूर्वीच्या प्रायमरीच्या जवळपास दुप्पट, आणि ५९ टक्क्यांनी दुरुस्ती फेटाळली. त्याच नोव्हेंबरमध्ये केली दुसऱ्यांदा गव्हर्नर झाल्या, आणि कोबाक त्याच मतपत्रिकेवर महाधिवक्ता म्हणून निवडून आले. पुढच्या एप्रिलमध्ये मुलींच्या खेळांतून ट्रान्सजेंडर खेळाडूंना वगळणारं विधेयक केली यांचा व्हेटो ओलांडून कायदा झालं.

सलग दोन मुदतींनंतर कॅन्ससच्या गव्हर्नरला लगेच उभं राहता येत नाही, म्हणून २०२६च्या निवडणुकीत केली नाहीत. खुर्ची मोकळी, दुसरी फेरी नाही, पक्षबदलाचं दार १ जूनच्या दुपारी बंद आणि मतदान ऑगस्टमध्ये: नियम २०१८चेच आहेत.